वर्गणीतले आरपीजी: आठ महिने खेळून झाल्यावर

'वेस्टलँड 2', 'पिलर्स ऑफ इटर्निटी' आणि 'टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' हे तीन आरपीजी (आपलं पात्र घडवत, निर्णय घेत कथा पुढे नेण्याचे गेम) गेले आठ महिने मी आलटून पालटून खेळतोय. तिन्ही किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वर्गणी काढून झालेले, आणि काढणारे कुणी नवखे नव्हेत. इतक्या मुरलेल्या स्टुडिओंनी लोकांपुढे हात का पसरावा, असं मलाही वाटायचं.

'वेस्टलँड 2' सुरू केल्यावर थोड्याच वेळात उत्तर मिळालं. रेडिओवर दोन ठिकाणांहून मदतीची हाक येते, हायपूल आणि अ‍ॅग सेंटर. वाचवता एकच येतं. मी अ‍ॅग सेंटरला गेलो. तिथल्या राक्षसी वेलींशी झुंजताना रेडिओवर हायपूलवाले गयावया करत होते, आणि मग ते आवाज थांबले. ते अख्खं गाव, तिथली माणसं, तिथली कामं या खेळीत मला दिसणारच नव्हती. निम्म्या खेळाडूंना न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसा ओतायला कुठला प्रकाशक तयार होईल? पहिला 'वेस्टलँड' 1988चा. त्याच्या पुढच्या भागासाठी त्याचे निर्माते ब्रायन फार्गो यांना वर्षानुवर्षं प्रकाशक मिळाला नाही. 2012मध्ये त्यांनी लोकांकडे 9 लाख डॉलर मागितले, जमले 29 लाखांच्या वर. तेव्हा वर्गणीला माझा विरोध उरलेला नाही.

माझा राग आहे तो स्ट्रेच गोल्सवर, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर द्यायच्या वाढीव आश्वासनांवर. 'पिलर्स'साठी ऑब्सिडियन स्टुडिओने 11 लाख डॉलर मागितले आणि जवळपास 40 लाख आले. रक्कम चढत गेली तशी आश्वासनंही: 30 लाखांना गड, 35 लाखांना दुसरं मोठं शहर. ओड नुआच्या भुयाराचे मजले तर वाढत वाढत पंधरावर गेले. शहर ठीक आहे. गड मात्र मी हौसेने दुरुस्त करायला घेतला आणि विसरून गेलो. भुयारात खाली खाली जाताना सारखं वाटतं, की हे गोष्टीसाठी नाही, आकड्यासाठी खणलंय.

आणि त्या नावाच्या सोनेरी पाट्या लावलेली माणसं! जास्त पैसे देणाऱ्यांना गेममध्ये आपलं पात्र ठेवता आलं. त्यांच्या आत्म्यात डोकावलं की त्यांची कहाणी उलगडते, आणि मुख्य कथेशी तिचा काडीचा संबंध नसतो. पहिल्या दहा-बारा मी इमानाने वाचल्या, पुढे उपयोगी पडतील म्हणून. (एकीचीही पडली नाही.) एरवी 'पिलर्स'चं लेखन इतकं चांगलं आहे की ही ठिगळं जास्तच डोळ्यांवर येतात.

'टॉर्मेंट'चं उलट झालं. 2014च्या अखेरीस येणार म्हणाले, आला फेब्रुवारी 2017मध्ये, आणि कबूल केलेले काही सोबती आणि इटालियन भाषांतर वाटेतच गळालं. एकही लढाई न करता नुसत्या बोलण्यातून प्रश्न सोडवू देणारा असा गेम दुसरीकडे क्वचितच मिळेल, पण आधीच पैसे मोजलेल्या इटालियन माणसाला हे कुणी सांगावं? मी स्वतः एका वेगळ्या मोहिमेत गेमचा खोका आणि कापडी नकाशाचे पैसे भरले होते. स्टुडिओचं नाव घेत नाही. नकाशा अजून यायचाय.

नुसत्या नावावर वर्गणी मिळत नाही हेही बरंच आहे. 2012मध्येच टॉम हॉल आणि ब्रेंडा ब्रॅथवेट या मातब्बर गेम-डिझायनर जोडीने 'शेकर' या आरपीजीसाठी 10 लाख डॉलर मागितले. गेम नेमका कसा असेल हे सुरुवातीला धड सांगितलंच नव्हतं. मुदत संपायच्या आत मोहीम त्यांनीच मागे घेतली.

लॅरियन स्टुडिओने 'ओरिजिनल सिन'चे दोन गेम वर्गणीतून काढले आणि 'बाल्डर्स गेट 3'च्या वेळी वर्गणी मागितलीच नाही. 2020मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला अर्धामुर्धा का होईना, खेळता येणारा गेम विकायला ठेवला. पायावर उभ्या राहिलेल्या स्टुडिओने मला तरी हेच द्यावं, नुसतं चित्र आणि वचन नको.

'वेस्टलँड 2'ची दुसरी खेळी परवा सुरू केली. या वेळी हायपूलला गेलो. रेडिओवर अ‍ॅग सेंटरवाले बोलायला लागले तसा मी आवाज बंद केला.