नदीकाठच्या जमिनीवर भराव घेताय? आधी हे वाचा

आमच्या जमिनीवर भराव टाकून गायब झालेला ठेकेदार पुण्यात शिवण्याच्या पुढे पुन्हा फिरतोय, असं मावसभावाने परवा सांगितलं. म्हणून हे लिहितोय.

शिवण्यात मुठेच्या काठी आमची वडिलोपार्जित अकरा गुंठे जागा आहे. पावसाळ्यात खालच्या अंगाला पाणी चढायचं आणि ओसरलं की गाळ राहायचा. बाबा त्यात वांगी लावायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात हा माणूस घरी आला, बाबांच्या पाया पडला. "बाबा, सहा फूट भराव पडला की जागा रस्त्याच्या पातळीला येईल. रॉयल्टी भरलेला मुरूम देतो." अडीच लाखांत ठरलं. परवानगीचं विचारलं, तर त्याने शिक्का मारलेला कागद पुढे केला. त्यावर मुरूम, किती ब्रास, गाडीचा नंबर, तारीख. शिक्का बघूनच माझं समाधान झालं. तो गौण खनिजाचा वाहतूक पास होता. मुरूम इथून तिथे नेण्यापुरता. तो नदीकाठी टाकता येतो की नाही, याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नव्हता.

पहिले दोन दिवस दिवसाढवळ्या लाल मुरूम आला. मग हायवा डंपर रात्री एकनंतर यायला लागले. एका सकाळी जाऊन पाहिलं तर विटांचे तुकडे, वाकड्या सळया, कमोडचं झाकण आणि कुणाच्या तरी बाथरूममधल्या निळ्या फुलांच्या टाइल्स. विचारलं तर म्हणाला, "दादा, खाली राडारोडा आणि वरून मुरूम, असंच करतात." पुढे कळलं की जुन्या इमारती पाडणाऱ्यांकडून तो राडारोडा उचलण्याचे पैसे घ्यायचा आणि तोच टाकण्याचे आमच्याकडून. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा माल प्रक्रियेला जायला हवा होता, महापालिकेचा प्रकल्प वाघोलीला आहे. तिथवरचं डिझेल वाचवायला आमची जमीन होती.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं. आमचा भराव कोरडा होता. जे पाणी आमच्या वांग्यांवर पसरायचं, ते शेजारच्या काकूंच्या गोठ्यात गेलं. त्यांचं वासरू गेलं. काकू भांडल्या नाहीत. बाबांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ह्या बाजूला पाणी कधी येत नव्हतं." बाबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

मग महापालिकेची नोटीस आली, बाबांच्या नावाने. सातबारा आमचा, म्हणून भरावही आमचा. स्वखर्चाने काढा. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे.

तेव्हा पहिल्यांदा पूररेषा म्हणजे काय ते समजून घेतलं. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मुठेसाठी तेव्हा निळी ६० हजार क्युसेकची धरलेली होती, लाल १ लाखाची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे भराव टाकताच येत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. सातबाऱ्यावर यातलं काहीही दिसत नाही. विकास आराखड्याचा नकाशा पाहावा लागतो किंवा पाटबंधारे खात्याकडून पूररेषेत जागा कुठे पडते ते लेखी घ्यावं लागतं. मंगळवार पेठेत सिंचन भवन आहे, तिथे जाऊन विचारा. मी गाडी यायच्या आधी एक फेरी मारली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

कुणी भरावाचा विषय काढला तर कागदावर "भराव टाकण्यास परवानगी" हे शब्द आहेत का आणि तुमचा गट नंबर आहे का, ते वाचा. गाड्या रात्री आल्या तर नंबर प्लेटचे फोटो काढा. आमच्याकडे फक्त दोन गाड्यांचे आहेत, पोलिसांत दिलेत. पोकलेनला आत्तापर्यंत पावणेदोन लाख गेले आणि अजून अर्धा ढीग तिथेच आहे. काकूंच्या बाजूचा आधी काढायला घेतलाय.