‘शरीरयष्टीप्रमाणे ऐतिहासिक कॉर्सेट’ विकणाऱ्यांपासून जरा जपून

‘तुमच्या बांध्याला शोभेल असं ऐतिहासिक कॉर्सेट, खास तुमच्या मापाचं’ अशी जाहिरात दिसली आणि खाली छोटी प्रश्नावली असली, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. कॉर्सेट म्हणजे धडाला आकार देण्यासाठी नाडीनं घट्ट बांधायचं, आत पट्ट्या घालून ताठ केलेलं जुन्या काळचं अंतर्वस्त्र. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही त्यात पोळलो आहोत.

आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. दर सप्टेंबरात बाथ या शहरात कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावानं फेस्टिव्हल भरतो आणि रीजन्सी काळाचे, म्हणजे १८११ ते १८२०च्या आसपासचे, कपडे घालून शेकडो माणसं गावातून मिरवत निघतात. मला त्यात जायचं होतं. मैत्रीण इथल्या हौशी नाट्यमंडळात आहे, तिला १९०५च्या सुमाराला घडणाऱ्या नाटकासाठी एडवर्डियन कॉर्सेट हवं होतं. मी बुटकी, धड आखूड, कमरेखाली रुंद. ती उंच आणि सडसडीत. प्रश्नावलीनं मला ‘नाशपाती’ ठरवलं, तिला ‘सरळ’. मग छाती, छातीखालचा घेर, कंबर, नितंब, काखेपासून कमरेपर्यंतची उंची अशी मापं मागितली. आम्ही एकमेकींची मापं घेतली, पुन्हा तपासली. मी मुद्दाम लेखी विचारलं होतं, पट्ट्या स्टीलच्या आहेत का, कापड कोणतं. उत्तर आलं: स्टील, आणि कापड कूटील. कूटील म्हणजे कॉर्सेटसाठीच विणलेलं, ताण सोसणारं घट्ट सुती कापड. किंमत ९५ पौंड. पत्ता लंडनचा.

पार्सलं आली तेव्हा दोन्ही खोक्यांत तंतोतंत एकच वस्तू. काळं साटीन, वाळूच्या घड्याळासारखा आकार, पुढे हुकांची धातूची पट्टी, मागे रिंगा आणि नाडी. वेगळी होती ती फक्त आतली छापील चिठ्ठी: माझ्यात ‘रीजन्सी’, तिच्यात ‘एडवर्डियन’. मापंसुद्धा एकच. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, पुढची पट्टी सोडून कुठेही चिकटेना. अस्तराची टीप थोडी उसवली तर आत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “अगं, हा तर बाबांच्या कमरेचा पट्टा!”

मुख्य गोष्ट ही की फसवणूक काही प्लास्टिकपाशी सुरू होत नाही, ती त्या आकारापाशीच सुरू होते. रीजन्सी काळात कंबर आवळायचा प्रश्नच नव्हता. झगा छातीच्या लगेच खालून सरळ पायांपर्यंत पडायचा. म्हणून त्या वेळचं कॉर्सेट पांढऱ्या सुती कापडाचं, खांद्यावर पट्टे असलेलं, छातीला कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे, घालून तिला वर उचलणारं आणि दोन बाजूंना वेगळी ठेवणारं. मधोमध एका खिशात लाकडाची लांब पट्टी सरकवलेली, बाकी ताठपणा बहुतेक सुताच्या दोऱ्या शिवून आणलेला. रुंद कमरेच्या बाईला हे सुखाचं, कारण झग्याखाली कमरेचा घेर लपूनच जातो. पुढून उघडणारी हुकांची धातूची पट्टी फ्रान्समध्ये १८२९ला आली, धातूच्या रिंगाही त्याच सुमाराच्या. त्याआधी नाडीची भोकं हातानं काजं करून शिवलेली असत. म्हणजे ‘रीजन्सी’च्या नावाखाली हुकांची पट्टी दिसली की समजावं, विकणाऱ्याला एकतर काळ ठाऊक नाही किंवा तुम्हाला तो ठाऊक नसेल याची त्याला खात्री आहे.

मैत्रिणीचं प्रकरण याच्या उलट. १९०० नंतरच्या एडवर्डियन कॉर्सेटचा पुढचा भाग सपाट, सरळ खाली उतरणारा. छातीशी ते कमी उंचीचं, नितंबांवर मात्र लांब. ते घातल्यावर छाती पुढे आणि बैठक मागे जाते. सडसडीत उंच बाईला ते खुलतं, मला मात्र त्यात खुर्चीवर बसताच आलं नसतं, खालची कड मांडीत रुतली असती. आणि त्याहून जुनं, अठराव्या शतकातलं, म्हणजे उलट्या शंकूचा आकार, पुढून सपाट, कमरेखाली कापडाच्या सुट्या पाकळ्या. एकाच साच्यातून हे तिन्ही निघणं शक्य नाही. विक्रेत्याच्या पानावर मात्र तिन्ही नावं होती. फोटो तेवढे खरे होते, कारण माझ्या ‘रीजन्सी’चा फोटो एका मोठ्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उचललेला निघाला. चित्र टाकून शोधलं की लगेच सापडला.

लेस्टरजवळ मार्केट हार्बरोला सिमिंग्टन कंपनीचा कॉर्सेटचा कारखाना होता, त्या इमारतीतच आता संग्रहालय आहे. सिमिंग्टनच्या संग्रहात १८९०च्या सुमारास घरकाम करणाऱ्या मुलींसाठी काढलेलं एक स्वस्त कॉर्सेट आहे. स्वस्त असूनही दिवसभर वाकून काम करणारीच्या अंगावर टिकेल अशा बेतानं शिवलेलं. आमच्या साटिनाच्या वस्तूनं पहिल्याच बांधणीत कमरेपाशी आडव्या सुरकुत्या धरल्या. पट्ट्या आत मुडपल्या आणि बरगडीला टोचू लागल्या. मागे नाडीच्या दोन कडांमधली फट वर चिंचोळी, खाली फाकलेली. मापात बसलेल्या कॉर्सेटची ही फट वरपासून खालपर्यंत सारखी राहते. खाली फाकली तर नितंबांना जागा कमी पडते आहे, आणि मग सगळं कॉर्सेट वर सरकत राहतं. मापं पाठवूनही हे झालं, म्हणजे ती मापं कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

आता त्यांची खरी हुशारी. तक्रार केल्यावर फार गोड उत्तर आलं. नवीन कॉर्सेट लगेच बसत नाही, काही आठवडे रोज थोडा वेळ सैल बांधून घाला, मग ते अंगाचा आकार घेतं. यातलं अर्धं खरं आहे. चांगलं कॉर्सेट असं हळूहळूच सरावात आणतात, जाणकारही तेच सांगतात. पण चुकीच्या आकाराचं प्लास्टिक सरावानं बरोबर होत नाही. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. ते ‘काही आठवडे’ या मुदतीच्या पलीकडे नेण्यासाठीच. शिवाय वापरलेली वस्तू परत घेत नाही म्हणायला मोकळे. मी ते पुन्हा घातलं नाही, लेखी नाकारलं.

मग दुसरा पवित्रा: मापानुसार शिवलेली वस्तू परत होत नाही. हेही अर्धसत्य. मन बदललं म्हणून १४ दिवसांत परत करायचा जो हक्क असतो, तो मापाच्या कपड्याला लागू नाही. पण सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं, तर मापाचं असो वा नसो, नाकारता येतं. दोघींच्या सारख्याच वस्तू शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवल्यावर मापाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नंतर म्हणे, माल आशियातल्या गोदामात स्वखर्चानं पाठवा. लंडनचा पत्ता नावापुरताच होता.

किंमत ९५ पौंड का, याचा उलगडा बँकेशी बोलताना झाला. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरतं, पण वस्तू १०० पौंडांहून महाग असेल तरच. त्याच्या खाली चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागवणं, एवढंच उरतं. चार्जबॅक हा कायद्यानं मिळालेला हक्क नाही, कार्ड कंपन्यांचा नियम आहे, त्यामुळे पुरावा नेमका लागतो. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ‘स्टील आणि कूटील’वाला संदेश, चुंबकाचा व्हिडिओ आणि संग्रहालयाच्या मूळ फोटोचा दुवा दिला. पैसे परत आले. भारतात राहून मागवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं तिथल्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे. परदेशी दुकानाला ते ऐकायला लावणं मात्र कठीण.

खऱ्या शिवणाऱ्या बाईनं नंतर मला विचारलेला पहिला प्रश्न होता, “कोणत्या सालचा पोशाख करायचा आहे?” दुसरं, तिनं मला खुर्चीवर बसवून छातीखालपासून मांडीपर्यंतचं अंतर मोजलं. हे बसून घ्यायचं माप त्या लांबलचक प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. आखूड धडाच्या बाईसाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच. बांध्याला कोणत्याही फळाचं नाव तिनं दिलं नाही.

मैत्रिणीचे पैसे अडकले. तिला आधी १५ टक्के, मग ३० टक्के परत देऊ असे निरोप येत राहिले. वैतागून तिनं ३० टक्क्यांवर ‘मान्य’ दाबलं. त्या बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तक्रार पूर्णपणे मिटली आहे. बँकेनं तेवढ्यावरच तिचा दावा फेटाळला.