पेनांगच्या जॉबच्या नावाखाली वाशीत चाललेली फसवणूक, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोरांनी नक्की वाचा

मलेशियातल्या पेनांगला इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत जॉब लावून देतो म्हणून वाशी स्टेशनजवळ ऑफिस थाटून बसलेल्या लोकांनी माझ्या धाकट्या भावाचे एक लाख ऐंशी हजार खाल्लेत. नाव लिहीत नाहीये कारण तक्रार चालू आहे, आणि तसंही त्यांनी पाटी आता बदललीये. पण पद्धत सगळी लिहिते, कारण आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून रबाळे-महापेला कॉन्ट्रॅक्टवर लागलेली शेकड्यांनी पोरं आहेत आणि हे लोक नेमके त्यांनाच गाठतात.

मी स्वतः महापेला एसएमटी लाइनवर (मशीनने बोर्डावर पार्ट बसवून सोल्डर करतात ती) क्वालिटीला आहे. भाऊ मला एका शब्दाने बोलला नव्हता कारण वाशीच्या ऑफिसातल्या मॅडमनी त्याला बजावलेलं की ऑफर लेटर हातात येईपर्यंत घरीदारी कुठे बोलू नकोस, सीट कमी आहेत, दुसरा कोणीतरी मध्ये घुसेल. असं कोणी म्हणालं की तिथूनच उठा.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते जे सांगतात त्यातलं बरंचसं खरं असतं. पेनांगमध्ये बायान लेपास या औद्योगिक भागात १९७२ पासून चिपच्या आणि बोर्डाच्या कंपन्या आहेत, इंटेल तेव्हापासून आहे, हे खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवानमध्ये कामगार पाठवण्याबद्दल करार झाला, त्याची पेपरातली कात्रणं त्यांनी भिंतीवर लावलेली, तेही खरं. डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने आपल्याला ३० दिवस बिनव्हिसा सोडायला सुरुवात केली, तेही खरं. खोटं एवढंच की या सगळ्याशी त्यांचा काहीतरी संबंध आहे. पोरगं घरी येऊन मोबाईलवर शोधतं, सगळं बरोबर निघतं, आणि त्याला वाटतं माणसंही बरोबर आहेत.

आधी ट्रेनिंगचे पैसे घेतले. सांगितलं की बाहेर जायचं तर आयपीसीचं (इलेक्ट्रॉनिक्सची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) सर्टिफिकेट लागतं. आता आयपीसी-ए-६१० हे आमच्या लाइनीत खरंच महत्त्वाचं आहे, बोर्डावरचा सोल्डरचा सांधा पास करायचा की रिजेक्ट हे त्यावरच ठरतं, क्लास १, २, ३ असे प्रकार असतात, मेडिकल किंवा विमानातलं काम क्लास ३ मध्ये येतं. पण ती परीक्षा उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनने आयपीसीच्या पोर्टलवर होते, सर्टिफिकेटला नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो आणि दोन वर्षांनी परत परीक्षा द्यावी लागते. या लोकांनी काय केलं, एका खोलीत प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवल्या, शेवटी कागदावर दहा-बारा प्रश्न सोडवून घेतले आणि सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट दिलं, त्यावर नंबरच नाही, मुदत 'लाइफटाइम'. जे-एसटीडी-००१ सोल्डरिंगचंही दिलं, आणि त्या पूर्ण ट्रेनिंगमध्ये सोल्डरिंगची गन कोणी हातात धरली नव्हती. खऱ्या कोर्समध्ये वायर, थ्रू-होल, एसएमटी याची प्रॅक्टिकल असतात, तुम्ही केलेलं काम तपासलं जातं.

त्यांनी दिलेल्या नोट्स मी नंतर वाचल्या. लिहिलंय की लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेली, सोल्डर पेस्ट १८३ डिग्रीला वितळते. अरे १८३ हे जुन्या ६३-३७ शिशाच्या सोल्डरचं आहे! लेड-फ्रीमध्ये जास्त चालतं ते एसएसी-३०५, त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, आणि ते २१७ च्या पुढे वितळायला लागतं. हे आमच्या लाइनीवर नवीन आलेल्या ट्रेनीलाही पहिल्या आठवड्यात कळतं. मला फार संताप आला, कारण भाऊ त्या नोट्स रात्री बसून पाठ करत होता.

मग व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. पेनांगचे एचआर म्हणे. विचारलं काय तर स्वतःबद्दल सांगा, टीममध्ये काम कराल का, पासपोर्ट तयार आहे का. ज्याला खरंच एसएमटीचा माणूस पाहिजे तो विचारेल की बोर्डावर पेस्ट लावायची स्टेन्सिल किती प्रिंटनंतर पुसता, रेझिस्टर एका बाजूने उभा का राहतो, एओआय (कॅमेऱ्याने बोर्ड तपासणारं मशीन) चांगला बोर्ड चुकीचा दाखवत असेल तर काय करता. कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता कंपनी तुमचा जॉब पक्का करते आणि लगेच दुसरा हप्ता मागते, तर ती कंपनी नाहीच. ऑफर लेटर जीमेलवरून आलं. आईने चेन गहाण ठेवली ती याच हप्त्यासाठी.

शेवटी तिकीट दाखवलं क्वालालंपूरचं. व्हिसा विचारला तर उत्तर, आता फ्री आहे, तिथे उतरल्यावर कामाच्या पासमध्ये (वर्क परमिट) कन्व्हर्ट होतो. तिथे भाऊ थबकला आणि मला बोलला. बिनव्हिसा गेलेला माणूस तिथे फिरायला गेलेला असतो, त्याला काम करता येत नाही. कामाचा पास कंपनीनेच आधी अर्ज करून काढायचा असतो आणि मंजुरी तुम्ही इथे घरी असताना यायला पाहिजे. तसंच गेलात तर पकडले जाल, नाहीतर दुसऱ्याच धंद्याला जुंपतील. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढलेली की थायलंडमध्ये आयटीचा जॉब सांगून पोरांना म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला लावतायत. माझा भाऊ विमानात बसला नाही, बाकी कुठे काय झालं असतं याचा मला विचारही करवत नाही.

बाहेर माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव दिसतं. कामगाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घेऊ शकतो. आमच्या या ऑफिसचं नाव पोर्टलवर नव्हतंच. आणि हे लोक हुशार आहेत, पावतीवर कुठेही 'जॉब' लिहिलेलं नाही, 'ट्रेनिंग फी', 'काउन्सेलिंग', 'डॉक्युमेंटेशन' असंच लिहिलंय, म्हणजे उद्या पोलिसांत गेलं की म्हणायला मोकळे, आम्ही क्लास चालवतो. आम्हाला पोलीस स्टेशनला सुरुवातीला हेच ऐकायला मिळालं की हा पैशाचा वाद आहे, कोर्टात जा. व्हॉट्सॲपवर 'पेनांग जॉइनिंग डेट' असे जे मेसेज होते ते छापून दिले तेव्हा तक्रार घेतली. म्हणून चॅट डिलीट करू नका, ते तुम्हाला 'ग्रुप बंद करतोय, सगळे बाहेर पडा' म्हणतील, पडायच्या आधी सगळं एक्सपोर्ट करा.

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लगेच फोन लावा, त्याच दिवशी, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता आले तरच मिळण्याची काही आशा असते. आमचा शेवटचा हप्ता असाच होल्ड झालाय, आधीचे कॅशने दिलेले कुठे गेले कोण जाणे.

ज्यांना बाहेर जायचंच आहे त्यांनी जा, मी अडवत नाहीये, माझ्याच ओळखीचे दोघे मशीन बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर म्हणून लागले आणि पिक-अँड-प्लेस (बोर्डावर पार्ट ठेवणारी मशीन) बसवायला बाहेरच्या देशांत जातात, पगार, तिकीट, व्हिसा सगळं कंपनीचं, त्यांच्याकडून कोणी रुपया मागितला नाही.

वाशी, ठाणे, कल्याण कुठेही अशा 'ट्रेनिंग फी'च्या पावत्या कोणाकडे असतील तर गप्प बसू नका, आपापल्या पोलीस स्टेशनला वेगळी तक्रार द्या, पावती, बँक स्टेटमेंट आणि चॅट तिन्ही जोडून. आमच्या केसमधल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की एकट्याची तक्रार असली की ते लोक फीचा वाद म्हणून सुटतात, दहा जणांची आली की तेच कलम बदलतं.