योगनिद्रा की आवळणं-सोडणं? शेवटच्या तीन महिन्यांसाठी माझा कौल

गरोदरपणातली धास्ती कमी करायला मी दोन्ही करून पाहिलं: रेकॉर्डिंग लावून योगनिद्रा, आणि शिकागोच्या डॉ. जेकबसन यांची एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत. अनुलोम-विलोमही चांगलंच, पण या दिवसांत अनेकींचं नाक चोंदतं. माझी एक नाकपुडी कायम बंद असायची, म्हणून ते मागे पडलं.

पाचव्या महिन्यापर्यंत योगनिद्रा मला मनापासून आवडायची. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून रेकॉर्डिंगमधला आवाज आपलं लक्ष अंगभर फिरवतो, काळजीला फुरसतच मिळत नाही. पुढे उताणं झोपवेना. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि गरगरतं. त्यावर तोड निघाली. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून योगगुरू अय्यंगारांची, आधार घेऊन आसनं शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे लोड-उशा लावून योग करणं पुण्यात कुणाला नवं नाही. मीही डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन ऐकायचे.

अडलं ते भलतीकडेच. रेकॉर्डिंग जरा रंगात आलं की लघवीला उठावं लागे. परत येईपर्यंत आवाज पार पायांपर्यंत पोचलेला. मग अंधारात मोबाइल घ्या, मागे सरकवा. डोळ्यांवर उजेड, त्यात ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज. धडधड पुन्हा सुरू. रोज रात्री हेच व्हायला लागलं तेव्हा मी रेकॉर्डिंग लावणं सोडलं.

दुसऱ्या पद्धतीत आपल्याला मागे टाकून कुणी पुढे जात नाही. मुठी झाल्या होत्या, आता खांदे. आल्यावर तिथूनच पुढे. सोनोग्राफीला नंबर लागेपर्यंत, कर्वे रोडवर अडकलेल्या रिक्षातसुद्धा मी नुसत्या मुठी आवळायचे, पाचेक सेकंद, आणि लांब श्वास सोडत ढिल्या करायचे. हाताला ऊब यायची, छातीवरचं दडपण उतरायचं. पोट मात्र आवळायचं नाही. पायाची बोटं खाली ताणली तर पोटरीत गोळा येतो, म्हणून चवडे आपल्याकडे ओढायचे.

ज्यांची रात्रीची झोप फारशी मोडत नाही, त्यांना योगनिद्रा जास्त मानवेलही. बीपी वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भीतीने दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर यांपैकी कशाच्याच भरवशावर राहू नका. डॉक्टरांना सांगा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं. पण रात्री चार वेळा उठणारी, आठव्या महिन्यातली कुणी विचारायला आली, तर मी तिला मुठींपासूनच सुरुवात करायला सांगेन.