सीव्ही: दोन रकान्यांचा देखणा की एका रकान्याचा साधा?

कॉलेज संपवून बाहेर पडलेली मुलं असोत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायला बघणारे अनुभवी लोक, सीव्ही करायला बसलं की पहिला पेच हाच पडतो. कॅनव्हावरचा तयार, डावीकडे रंगीत पट्टा असलेला दोन रकान्यांचा नमुना घ्यावा, की वर्डमध्ये साधा सरळ एका रकान्याचा करावा? मी दोन्ही वापरलेत.

देखण्या सीव्हीला नावं ठेवायचं कारण नाही. पटकन होतो आणि अक्षरं, अंतरं आपोआप जुळून येतात. शिवाय जागा मोजकी असल्यामुळे वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, 'वरील माहिती खरी आहे' असली सहीसकटची घोषणा हे सगळं आपसूक गळतं. साध्या सीव्हीत पान मोकळं दिसतं आणि माणसं ते असल्याच मजकुरानं भरतात. डिझाइन, जाहिरात, इंटिरिअर अशा ठिकाणी अर्ज असेल तर मांडणी हाच कामाचा नमुना, तिथं देखणाच न्यावा.

माझं मन फिरलं ते नोकरीच्या पोर्टलवर. फाइल चढवली की पोर्टल त्यातली माहिती उचलून फॉर्म स्वतःच भरतं. दोन रकान्यांच्या फाइलमधून माझ्या कंपनीचं नाव शिक्षणाच्या चौकटीत जाऊन बसलं, पदाच्या जागी 'मराठी, हिंदी, इंग्रजी' आलं आणि मोबाइल नंबरची जागा कोरी राहिली. प्रत्येक अर्जाला हे सगळं खोडून हातानं भरायचं. सॉफ्टवेअर ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचत गेलं तर पट्ट्यातला मजकूर शेजारच्या मजकुरात मिसळतो. सगळीकडेच असं होतं असं मी म्हणणार नाही, काही पोर्टल दोन रकाने नीट वाचतातही. खात्री करायची तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथं जो क्रम दिसेल, साधारण तसाच पोर्टलला दिसतो. साध्या सीव्हीचा मजकूर तिथंही वरून खाली सरळ उतरला.

छपाईतही फरक पडतो. कारखान्याच्या ऑफिसात बहुधा काळी-पांढरीच प्रिंट निघते. त्यात गडद निळा पट्टा काळा होतो आणि त्यावरची पांढरी बारीक अक्षरं पुसट होतात. नेमका तिथंच तुमचा फोन नंबर असतो.

ठिपके आणि पट्ट्यांनी दाखवलेली कौशल्यं मला सर्वात जास्त खटकतात. 'ऑटोकॅड, पाचपैकी चार ठिपके' यातून फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, क्वालिटी मॅनेजरनं काय समजायचं? तेवढ्याच जागेत 'डक्टाइल आयर्नच्या ब्रॅकेटसाठी पीपीएपीची कागदपत्रं तयार केली, ब्लोहोलचं रिजेक्शन कमी करण्यासाठी कोअर शॉपबरोबर काम केलं' असं लिहिलं की मुलाखतीत विचारायला त्याला धागा मिळतो (पीपीएपी म्हणजे सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची प्रक्रिया, ब्लोहोल म्हणजे ओतीव भागात वायूमुळे राहणारी पोकळी, कोअर शॉप म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणारा विभाग). अशी वाक्यं साध्या मांडणीत मोकळी बसतात, अरुंद पट्ट्यात कोंबावी लागतात.

साध्यालाही पथ्यं आहेत. वर्डची फाइल तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, दुसऱ्याच्या मोबाइलवर ओळी सरकतात, पीडीएफच पाठवा. नाव आणि नंबर हेडरमध्ये न टाकता पानावरच लिहा, काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. मराठीतून अर्ज द्यायचा असेल आणि डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर निवडही वेगळी असू शकते. पण गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल किंवा पुण्याच्या कंपन्या डोळ्यांपुढे असतील तर मी साध्याकडेच बोट दाखवीन. दोन्ही ठेवायचे असतील तर कुठलाही बदल आधी साध्यात करा आणि मग देखण्यात उतरवा, म्हणजे दोन फाइलींत नोकरीच्या तारखा वेगवेगळ्या राहत नाहीत.