अळसांद्यांसाठी रायझोबियमचं पाकीट: नव्या जमिनीत जरूर, जुन्या शेतात बघून

गोव्यात पेडण्याला आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर अळसांदे (इथली चवळी) पेरतात. यंदा बियाण्याला रायझोबियमची, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंची, काळी पूड लावली. २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं.

गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करायचं (गरम राहिलं तर जिवाणू मेलेच), त्यात पूड कालवायची आणि साल न निघेल अशा हलक्या हाताने बियाण्याला चोळायची. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, हे शेवटी. पाकिटावर हे सगळं आहे, पण इंग्रजी-हिंदीत आणि अक्षर मुंगीएवढं. सासूबाई म्हणाल्या, "बियाण्याला काजळ कसलं लावतेस गो?"

मेरेकडच्या (बांधाकडच्या) ओळी मुद्दाम कोऱ्या, म्हणजे पूड न लावता पेरल्या होत्या. फुलं यायच्या सुमारास दोन्हीकडची रोपं खुरप्याने मातीसकट उचलली. ओढून काढली तर गाठी मातीतच राहतात. पूड लावलेल्या रोपांच्या गाठी मुख्य मुळाशी, टपोऱ्या. नखाने फोडल्या तर आत गुलाबी. हा रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा, तो दिसला म्हणजे गाठ हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतेय. हिरवट निघाली तर तिचं काम संपलं.

पण कोऱ्या ओळींतही गाठी होत्याच! लहान, बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या, तरी आतून गुलाबी. चवळीवर्गीय पीक जिवाणूंच्या बाबतीत फारसं चोखंदळ नसतं, आणि या शेतात वाडवडिलांपासून अळसांदेच होतात. मातीतले जिवाणू पुरेसे असणार. शेंगांत मला तरी फरक दिसला नाही.

घराच्या वर मरडावर (उंचवट्याच्या जमिनीत) मात्र कधी कडधान्य नव्हतंच. तिथल्या आम्ल जांभ्या मातीत थोडा चुना आणि शेणखत घालून, विहिरीचं पाणी देऊन पेरलं. पूड लावलेली रोपं गर्द हिरवी, कोरी पिवळट. तिथे पैसे वसूल. युरिया मात्र टाकू नका, आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी धरायचं कमी करतं.

तक्रार दुकानाची. पाकिटं काचेच्या खिडकीत, दुपारच्या उन्हात मांडलेली. मी हट्टाने आतलं, ताज्या तारखेचं मागून घेतलं. शेजारच्या काकांना तर हेच पाकीट भातासाठी दिलं. भाताच्या मुळांवर रायझोबियम गाठी करत नाही, त्याला अझोस्पिरिलम हे दुसरे जिवाणू द्यायला हवे होते. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "सगळं एकच."

पाकिटाला चार तारे. दुकानाला एक, तोही सुटे पैसे दिले म्हणून.