बार्सिलोनाची जुनी पेठ: गॉथिक क्वार्टर की एल बोर्न?

बार्सिलोनाची जुनी पेठ पाहायला एकच दिवस हाताशी असेल, तर गॉथिक क्वार्टरमध्ये फिरावे की एल बोर्नमध्ये, हा प्रश्न पडतोच. दोन्हींच्या मधून व्हिया लायेताना हा रुंद रस्ता जातो आणि जाउमे प्रिमेर हे मेट्रो स्थानक त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे अंतराचा हिशेब करण्याचे कारण नाही.

जुनेपणाच्या बाबतीत गॉथिक क्वार्टरचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागेल. मेणबत्त्यांचे १७६१ सालचे दुकान तिथेच आहे, आणि पेत्रिचोलच्या चिंचोळ्या गल्लीत मिळणारे घट्ट हॉट चॉकलेट चमच्यानेच खावे लागते. मात्र माझे मन उडाले ते झेंडेवाल्या गाइडांमुळे. मेणबत्त्यांचे दुकान पाहायला म्हणून मी गेलो, तर कानात यंत्रे लावलेली पंचवीस-तीस माणसे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरून उभी होती. ती हलेपर्यंत मागून दुसरा झेंडा आला. काचेतल्या मेणबत्त्या मी अनोळखी लोकांच्या खांद्यांवरूनच पाहिल्या. कदाचित माझी वेळ चुकली असेल; पण दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार घडला.

एल बोर्नमध्ये गर्दी नसते असे नाही. पिकासो संग्रहालयामुळे मोंतकादा रस्ता भरलेलाच असतो. परंतु तिथून दोन पावले आत वळले की दुकानासमोर निवांत उभे राहता येते. पुण्यात तांबट आळी आहे, तशी इथे टोपीवाल्यांची, आरसेवाल्यांची, काचवाल्यांची गल्ली आहे. कारागीर गेले, नावे राहिली. सांता मारिया देल मार या चौदाव्या शतकातील चर्चला लागूनच, टोपीवाल्यांच्या गल्लीत, कासा गिस्पेर्त हे १८५१ सालचे दुकान असून तिथे आजही लाकडाच्या भट्टीत बदाम भाजतात. कागदी पुडीतले ते बदाम चर्चच्या पायरीवर बसून खाल्ले, तेव्हाच माझा कौल बहुधा ठरला असावा.

बोर्नमधील लहान दुकाने दुपारी बंद होतात, रविवारी तर बरीचशी उघडतच नाहीत, आणि हाताने शिवलेल्या चामडी पिशव्यांच्या किमती ऐकून हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून संध्याकाळी पाचनंतर, आणि रविवार टाळून, तिथे जावे असे मी सुचवेन. मेणबत्ती घ्यायचीच असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, झेंडे निघण्यापूर्वी, रस्ता ओलांडून पलीकडे जाता येते.